जुन्या कॉम्प्युटरचं माप

फोटोवाल्यांच्या घरातला कॉम्प्युटर चालत नव्हता, असं कुणी म्हणू नये. चालायचा. बटण दाबावं, चहाला आधण ठेवावं, चहा उकळून, गाळून, निवांत पिऊन कप विसळून ठेवावेत आणि मग येऊन बघावं, तर पडद्यावर अजून स्वागताचं चाक गरगरत असायचं. त्याच्या मनात आलं तर तो पुढे सरकायचा. नाही आलं तर कितीही मिनत्या करा, मिठाची गुळणी धरून बसायचा.

तरी त्याला भंगारात काढायची सोय नव्हती, कारण त्याला जोडलेला स्कॅनर. कागद वाचणारे स्कॅनर गल्लोगल्ली मिळतात. पण याच्या झाकणात दिवा होता. काचेवर फिल्मची पट्टी ठेवली की वरचा उजेड तिच्यातून आरपार जायचा आणि टिचभर निगेटिव्ह पडदाभर मोठी दिसायची. स्टुडिओ बंद करण्यापूर्वी फोटोवाल्यांनी हौसेनं घेतलेली ही शेवटची वस्तू. नवे कॉम्प्युटर तिला ओळखही दाखवत नसत आणि जुना ओळखत होता तो अर्ध्या स्कॅनवर येऊन गोठायचा. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

स्टुडिओची पुढची खोली आता सुनेची होती. जिथे पूर्वी रंगवलेला पडदा आणि दोन दिवे उभे असत, तिथे तिचं शिलाई मशीन आणि कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं. डार्करूममध्ये आरसा लागला होता आणि गिऱ्हाइकं तिथे कपडे घालून बघत. फोटोवाल्यांना याचं वाईट वाटत नसे. काळोखात माणसाचं रूप ठरतं ते पूर्वीही आणि आताही, असं ते म्हणत आणि स्वतःच हसत.

हसणं अलीकडे कमी झालं होतं. त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग पडला होता. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं आणि कडेचं तेवढं उरायचं. सुनेशी बोलताना ते तिच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत, तेव्हा कुठे तिची हनुवटी हाती लागायची. त्यातून उजेड टोचायचा. खिडकीपुढे बसलेलं माणूस म्हणजे नुसता पांढरा लोळ. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. कडेची नजर राहील, मधली जाणार. कधी ते सांगता येत नाही, पण जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

फोटोवाल्यांना एकच गोष्ट बघायची होती. त्यांची बायको.

साऱ्या वस्तीची बारशी, लग्नं, पदव्या आणि म्हातारपणं ज्यानं टिपली, त्याच्या घरात बायकोचा एक धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. होता तो एका लग्नाच्या घोळक्यातला, त्यात ती कुणाचं तरी रडणारं पोर सावरायला खाली वाकलेली. पण एक रोल होता. नवा दिवा आला होता, तो कसा पडतो ते बघायला एका दुपारी त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि अख्खा रोल तिच्यावर संपवला. ती सबंध वेळ बोलत होती, कारण रोल फुकट चालला होता आणि आत भात लागत होता. रोल कॅमेऱ्यातच होता तेव्हा ती तापानं फणफणली, आणि आठवड्यात गेली. मुलगा तेव्हा बोबडं बोलत होता, मुलगी रांगत होती.

पुढे केव्हातरी फोटोवाल्यांनी तो रोल धुतला, वाळवला, पट्ट्या कापून पाकिटात घातला. धुतला तो हातांनी. उजेडासमोर धरून बघितला मात्र नाही. घाव भरू दे, मग छापू म्हणाले; आणि घाव भरल्यावर खपली कोण काढणार? मग डार्करूम मिटली, छापायचं यंत्र गेलं. आता बघावंसं वाटलं तर डोळ्यांनी पाठ फिरवली होती. भिंग लावूनही त्या पट्टीवर करड्या धुक्यापलीकडे काही सापडत नव्हतं.

"मला एकदा तिला बघायचंय," ते सुनेला म्हणाले. मुलाला नाही, मुलीला नाही, सुनेला. "मोठं करून. मग डोळ्यांनी काय करायचं ते करावं."

सून म्हणाली, "बघूया, बाबा." तिच्या तोंडी ‘बघूया’ आलं की काम झालंच म्हणून समजावं, हे तिच्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. फोटोवाल्यांनाही माहीत होतं. पण कॉम्प्युटर म्हणजे काही परकर नव्हे.

रविवारी मुलगी आली. ती बँकेत होती, स्वभावानं घाईची आणि मनानं लोण्यासारखी. तिनं आपला लॅपटॉप स्कॅनरला जोडून बघितला. लॅपटॉपनं स्कॅनरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाबा, दुकानात देऊया ना. आठवड्यात करून देतात."

"निगेटिव्ह घराबाहेर जात नाही," फोटोवाले म्हणाले. "फोटो जातो. निगेटिव्ह नाही."

"अहो, पण..."

"राजाची असली तरी दिली नसती. आणि ही राजाची नाही, तुझ्या आईची आहे."

यावर मुलीनं लॅपटॉपची वायर काढून गुंडाळायला घेतली. थोड्या वेळानं म्हणाली, "वहिनी, आमच्या बँकेतला कॉम्प्युटरवाला सांगत होता, जुन्या मशीनवर लिनक्स टाका, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम. फुकट असतं आणि हलकं असतं. जुन्या मशीनलाही पळवतं म्हणे, आणि जुनी यंत्रंही ओळखतं."

"हलकं म्हणजे?" फोटोवाल्यांनी विचारलं. "वजनाला?"

"बाबा!"

"कुठलं टाकायचं पण, वन्सं?" सुनेनं फोनवर शोधत विचारलं.

"कुठलं म्हणजे? लिनक्स."

"इथे तर शेकडो आहेत."

आणि खरंच होतं तसं. फोटोवाल्यांना ते दिसत नव्हतं, पण सून वाचून दाखवत होती आणि ते कान देऊन ऐकत होते. नावं अशी की जिभेला गाठ पडावी. प्रत्येकाची स्तुती करणारे वेगळे आणि त्याला नावं ठेवणारे वेगळे. एकानं विचारलं होतं, नवशिक्यानं काय घ्यावं. खाली तुंबळ युद्ध. जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता आणि विचारणारा बिचारा केव्हाच निघून गेला होता.

"डोकं उठलं माझं," मुलगी म्हणाली. "दे टाकून काहीतरी एक."

"टाकून कसं देऊ?" सून म्हणाली. "गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, चांगला ड्रेस शिवा, तर मी कात्री घेते का हातात? मी विचारते, घालणार कोण आणि घालून जाणार कुठे? ही सगळी माणसं चांगलं कुठलं यावर भांडताहेत. कुणासाठी, ते कुणीच विचारत नाही."

फोटोवाल्यांनी मान त्या भिंतीकडे वळवली, म्हणजे सुनेकडे. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरगी हाताची चलाख आहे. डोकं हाताच्याही पुढे धावतं, हे हळूहळू कळलं. आज परत कळलं, आणि त्यांना उगाच आपलीच पाठ थोपटावीशी वाटली.

तिनं मापं घ्यायला घेतली. कॉम्प्युटरच्या पाठीवरची अक्षरं, आतल्या माहितीच्या पानावरचे आकडे, जे मिळेल ते खडूनं टेबलाच्या कडेवर लिहिलं, जिथे ती नेहमी छाती, कंबर आणि उंची लिहायची. मेमरी एक जीबी. "म्हणजे कॉम्प्युटरचं काम करायचं टेबल एवढंच," ती सासऱ्यांना सांगत होती. "कपाट कितीही मोठं असू दे, बेतायला टेबल लागतं. नव्या लॅपटॉपचं टेबल याच्या आठपट आहे, बाबा. याच्यावर नवी सिस्टीम पसरायची म्हणजे चादर रुमालावर अंथरल्यासारखं."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," फोटोवाले म्हणाले.

"तेच. आणि सगळ्यांच्या आत कापड एकच आहे म्हणे, लिनक्स. शिवणारे वेगवेगळे. कुणी झालरी लावतो, कुणी साधं शिवतो. आपल्याला साधं हवं."

तिला सगळ्यात आवडलेली एक गोष्ट वाचताना तिचा आवाजच बदलला. ही सिस्टीम म्हणे पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येत होती. कॉम्प्युटरच्या आतल्या कशालाही हात न लावता. पटली तर आत बसवायची, नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा, मशीन होतं तसं.

"कच्चा टाका!" सून म्हणाली. "वन्सं, हे तर कच्चे टाके घालून अंगावर बघणं झालं. हे ज्यानं काढलं तो शिंप्याच्याच घरचा असणार."

पहिल्या रविवारीच घोडं अडलं. तिनं नणंदेच्या लॅपटॉपवर एक सिस्टीम उतरवून घेतली, ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवली, पेनड्राइव्ह जुन्या मशीनला लावला आणि वाट बघितली. मशीननं पेनड्राइव्हकडे दुर्लक्ष करून आपलं जुनं चाक फिरवायला घेतलं. दोघी नणंद-भावजया गोंधळल्या. पाऊण दुपार शोधाशोध केल्यावर कळलं, की फाइल ठेवून भागत नाही; ती एका वेगळ्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर लिहावी लागते, तेव्हा तिच्यात जीव येतो.

"म्हणजे मी कापड आणून खुंटीला टांगलं आणि म्हटलं, झाला सदरा," सून म्हणाली आणि इतकी हसली की फोटोवाल्यांनाही हसू आलं. चुकली की ती हसायची. रागवायची नाही, लपवायची नाही. असा माणूस शिकायला बसला की त्याला कोण अडवणार?

दुसऱ्या खेपेला सिस्टीम नीट लिहिली. या वेळी मशीन पेनड्राइव्हवरून जागं झालं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि तिथेच थांबलं. ओळीचा अर्थ असा, की मी चौसष्ट बिटांसाठी शिवलेली आहे, हे मशीन बत्तीस बिटांचं आहे, माफ करा.

"म्हणजे काय?" मुलीनं विचारलं.

सुनेनं टेबलाच्या कडेवरचा खडू बघितला. "म्हणजे मी छातीचं माप घेतलं आणि बाही विसरले. प्रोसेसर जुन्या जातीचा आहे, त्याला जुन्या मापाचंच शिवलेलं लागतं. आणि हल्ली पुष्कळांनी ते माप शिवणं बंद केलंय." तिनं तिथे ‘बत्तीस’ असं ठसठशीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "बरं झालं. शेकड्यातले बरेच आपोआप गळाले."

मुलगी मनातून कंटाळली होती, हे फोटोवाल्यांना तिच्या खुर्चीच्या कुरकुरीवरून कळत होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं ती पुटपुटलीही. पण दर रविवारी लॅपटॉप घेऊन येत होती, हेही खरं. आईचा चेहरा तिनं तरी कुठे बघितला होता? आरशात बघून ती कधीकधी विचारायची, बाबा, मी आईसारखी दिसते का, आणि बाबा म्हणायचे, हो, अगदी. आता त्यांना ना हिचा चेहरा दिसत होता, ना तिचा आठवत होता. हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आवाज आठवत होता, भात लागतोय म्हणणारा. चेहरा विरत चालला होता, आणि डोळ्यांपेक्षा त्यांना भीती त्याची वाटत होती.

तिसऱ्या सिस्टीमच्या नावात कुत्र्याचं पिल्लू होतं. सुनेनं बटण दाबलं आणि फोटोवाले सवयीनं म्हणाले, "चहा टाक."

"कशाला? सुरू झालं."

"काय सांगतेस!"

झालं होतं. पिल्लू नावासारखंच, सोडलं की उंडारायला लागलं. खिडक्या फटाफट उघडत होत्या, मिटत होत्या. मुलीनं टाळी वाजवली, "हेच! बसवून टाक, वहिनी."

सून बराच वेळ एकेक मेनू उघडून बघत राहिली. फक्त माऊसची टिकटिक येत होती. शेवटी म्हणाली, "गुणाचं आहे, पण माझ्या हाताला बसत नाही. स्कॅनरचं कुठे आहे ते मला सापडत नाही. अक्षरं मोठी कशी करायची, केलेलं काम ठेवायचं कुठे, सगळं माझ्या डोक्यावरून जातंय. जाणत्याच्या हातात हे सोनं असेल. पण मशीनला जमलं म्हणजे झालं नाही, वन्सं, मलाही जमायला हवं. पुढे अडलं तर निस्तरणार मीच ना?"

फोटोवाल्यांना हे बोलणं फार आवडलं. आपल्याला काय येत नाही ते इतक्या सरळ सांगणारी माणसं त्यांनी भिंगातूनही थोडीच बघितली होती. स्टुलावर बसलं की बहुतेक जण पोट आत ओढून बसतात.

चौथी दिसायला देखणी होती, एवढं त्यांनाही कळलं. पडद्याच्या जागी रंगांचा छान झोत होता. मापाची, बत्तिसाचीच. स्कॅनरचा प्रोग्रॅम आतच होता आणि त्यानं स्कॅनरला चक्क ओळखलं. झाकणातला दिवा लागला. कितीतरी काळानं ती यंत्राची घरघर कानांवर आली आणि फोटोवाले खुर्चीवरून अर्धे उठले.

"बसा, बाबा. आधी मासिकाचं पान लावलंय. मोठ्यात मोठं करून बघते."

घरघर निम्म्यावर आली आणि थांबली. सारं गोठलं. मुलीनं "शी!" म्हटलं. फोटोवाले परत बसले. हा रविवार गेला. असे किती उरलेत कोण जाणे. सकाळी दाढी करताना त्यांना स्वतःचं नाक सापडलं नव्हतं.

सुनेनं मात्र आकडे बघायला घेतले. "कळलं. ही सिस्टीम नुसती उभी राहण्यातच निम्म्याहून जास्त टेबल खाते. मापाला अगदी बरोब्बर बसते, आणि तीच चूक आहे. माया नाही ठेवलेली."

"माया?" फोटोवाले म्हणाले. "कॉम्प्युटरलासुद्धा माया लागते?"

"लागते तर! शिलाईच्या आत कापड जास्तीचं सोडतो ना, ती माया. माणूस उद्या जाड होणार, हात वर करणार, वाकणार. अंगाबरोबर शिवलं तर उभ्यानं छान दिसतं आणि बसलं की उसवतं. आत्तापर्यंत मी विचारत होते, मशीनला काय बसेल. विचारायचं होतं, बसून उरतं किती. त्या उरलेल्यातच तर आपला स्कॅन व्हायचाय. हलकं म्हणजे तेच, बाबा. वजनाला नाही. माया जास्त सोडतं ते हलकं."

एवढं बोलून ती उठली आणि शिलाई मशीनवर एक पडदा शिवायला बसली, कारण तिचं पोट त्यावर होतं, लिनक्सवर नाही. फोटोवाले त्या खडखडाटात बसून राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी हलकं या शब्दाचा असा विचार केला नव्हता. आणि मायेचा तर नाहीच. सून रोज त्यांच्या ताटाजवळ पेला उजवीकडे ठेवायची, जिथे त्यांना कडेनं दिसायचा. डावीकडे कधीच नाही. तिनं ते बोलूनही दाखवलं नव्हतं.

पाचव्या सिस्टीमवर एक लहानसं पाखरू होतं. मुलीला ती अजिबात आवडली नाही. "किती साधी आहे, वहिनी! खाली एक पट्टी, बाकी काही नाही."

"साधीच हवी होती." सुनेनं आकडे बघितले. "बघा. उभी राहिली तरी टेबल बरंचसं रिकामंच आहे. मेनू डावीकडे, सगळी नावं कळतात. अक्षरं..." टिकटिक झाली, "ही घ्या, झाली मोठी." तिनं पुन्हा मासिकाचं पान लावलं. घरघर निम्म्यावर आली. घरघर निम्म्याच्या पुढे गेली, टोकाला गेली, आणि यंत्राची बत्ती मुकाट मागे परतली.

मुलगी ओरडली. सून ओरडली नाही. तिनं तेच पान पुन्हा लावलं, मग आणखी एकदा, मग दोन-चार खिडक्या उघड्या ठेवून मुद्दाम लावलं. कपडा अंगावर घालून गिऱ्हाइकाला ती हात वर करायला लावायची, खाली वाकायला लावायची, तसंच. फोटोवाल्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांना वाटत होतं, पुरे आता, लाव ती पट्टी. पण ते बोलले नाहीत. त्यांनीही कधी कुणाच्या घाईपोटी रसायनातून कागद वेळेआधी काढला नव्हता.

"पक्की शिलाई घालते," शेवटी ती म्हणाली. आतलं जुनं जे ठेवायचं होतं ते तिनं आधी बाजूला काढून घेतलं, मग पाखरू मशीनच्या आत बसवलं. कुठे काय विचारलं तर मोठ्यानं वाचायची, कळलं तरच पुढे जायची. संध्याकाळी पेनड्राइव्ह काढून ठेवला आणि बटण दाबलं, तेव्हा मशीन चहाची वाट न बघता उभं राहिलं. फोटोवाल्यांनी त्याच्या डब्यावर हात फिरवला. म्हाताऱ्याला कुणी भंगार म्हटलं नाही, मापाचं शिवून दिलं. उठून चालायला लागला.

पुढच्या रविवारी मुलगी सकाळीच आली. मुलगाही घरी थांबला. फोटोवाल्यांनी पाकीट स्वतः उघडलं. पट्टी कडेनं धरली, तिचं टोक ओठाला लावलं. चिकटली ती रसायनाच्या लेपाची बाजू. हे करायला त्यांना डोळे कधीच लागले नव्हते. "ही बाजू वर," ते म्हणाले, आणि सुनेनं पट्टी काचेवर ठेवून झाकण लावलं.

प्रोग्रॅमनं विचारलं, फिल्म कुठली? निगेटिव्ह की पॉझिटिव्ह? सून क्षणभर थांबली. एवढे रविवार जिनं प्रत्येक ओळ दोनदा वाचली, ती नेमकी इथे फसली. आपल्याला सरळ फोटो हवाय, म्हणजे पॉझिटिव्हच हवं, असा तिनं हिशेब केला. प्रोग्रॅम विचारत होता, काचेवर काय ठेवलंय. तिनं उत्तर दिलं, आम्हाला काय हवंय.

घरघर सुरू झाली, टोकाला गेली. पडद्यावर चित्र उतरलं.

"अगं बाई!" मुलगी म्हणाली. "हे काय झालं? वहिनी, उलटं आलंय! तोंड काळं, केस पांढरे. कसंतरीच दिसतंय. काही कळत नाही."

"माझंच चुकलं," सून पटकन म्हणाली. "प्रश्न कळला नाही मला. थांबा हं, बाबा, एका बटणाचं काम आहे, आत्ता सरळ करते."

"हात लावू नकोस."

ते इतक्या जोरात म्हणाले, की तिघंही दचकली.

फोटोवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर उजेड नव्हता. त्या दुपारी तिच्यामागे टांगलेला पांढरा पडदा इथे गर्द काळा झाला होता, टोचणारं काही उरलंच नव्हतं, आणि त्या काळ्यावर एक चेहरा होता. त्यांनी मान वळवली, नजर पडद्याच्या कडेला नेली, बंद केलेल्या खिडकीच्या लाकडी चौकटीकडे बघितलं, आणि कडेच्या नजरेत तो चेहरा हळूहळू उभा राहिला. आयुष्यभर त्यांनी माणसं आधी अशीच बघितली होती, उलटी. कुणाचे डोळे मिटले, कुणाचं हसू जमलं, हे ते छापण्याआधी इथेच वाचत. ही लिपी त्यांच्याइतकी या खोलीत कुणाला येत नव्हती.

तोंड उघडं होतं. म्हणजे बोलत होती. भुवई चढलेली. डावा खांदा उचललेला, स्टुलावरून उठायच्या बेतात. हनुवटीखालची ती बारीक खूण, जी ते पार विसरले होते. गालावर दिवा नीट पडला होता. चांगला होता तो दिवा.

आणि केस. घनदाट, मधोमध भांग पाडलेले, कानांमागे सारलेले, पांढरेशुभ्र.

"म्हातारी झालीय," फोटोवाले म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला आणि पडद्याच्या अलीकडेच थांबवला.

"केस बघा तिचे. पिकलेत सगळे. मला वाटलं होतं, मी एकटाच झालो."

मुलगी त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली होती. तिचा आवाज फुटला. "बाबा, मला दिसत नाहीये ती. मला नाही वाचता येत असं. सरळ करू दे ना वहिनीला. मी आईला कधी बघितलंच नाही."

फोटोवाल्यांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. नजर मात्र खिडकीच्या चौकटीवरून हलवली नाही, कारण ती हलवली असती तर चेहरा गेला असता.

"बघशील, बाळा. तिला सरळ बघायला तुला जन्म पडलाय," ते म्हणाले. "आधी मला बघू दे."

सुनेनं माऊसवरचा हात काढून घेतला, आणि तिघंही त्यांचं बघून होईपर्यंत थांबली.